ओतून दिलेलं विरजण

तिला नेऊन आम्ही परत आलो तेव्हा निळा ड्रम कुंपणाच्या खांबावर पालथा घातलेला होता. घासलेला, विसळलेला, ब्लीचिंग पावडरचा वास येणारा. घरातले माठ, घागरी, न्हाणीतली बादली, सगळं रिकामं करून ओळीने उन्हात मांडलं होतं. मयत झालेल्या घरातलं साठवणीचं पाणी ठेवत नाहीत, म्हणून.

माठाचं मी एखादे वेळी सोडून दिलं असतं. पण आमच्या बैठकीत दारासमोरच बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. छप्पन साली दीक्षा घेऊन आलेल्या आजोबांनी ती आणली. सुतक नाही, विटाळ नाही, पिंड नाही, असं आमच्या घरात पोरं बोलायला लागली की आधी शिकवतात. मग कुणी मरतं, आणि तसबिरीखालून घागरी बाहेर जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: सुतक कोण मानतो, ही आपली स्वच्छता आहे.

त्या स्वच्छतेत माझ्या बायकोचा ड्रम गेला.

त्यात काय होतं ते सांगायला हवं. ती तिरोड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची आणि मी गोंदियाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. आमचं गाव या दोहोंच्या मधे नाही, बोदलकसा तलावाच्या वाटेवर आहे, म्हणजे दोघांनाही सारखंच गैरसोयीचं. वडिलांच्या वाटणीतून मला धानाची थोडी बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि दोन बोड्या मिळाल्या. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. पावसाचं पाणी अडवायचं, धानाला द्यायचं आणि उरलेल्यात मासे सोडायचे. आमच्या दोन बोड्या एकीला एक लागून आहेत, मधे मातीची पाळ. वरची भरली की पाणी खालचीत उतरतं.

आमच्याकडे थंडी पडली की माशांच्या अंगावर लाल चट्टे उठतात. आधी खवले सुटतात, मग जखम होते, मग सकाळी पोट वर करून तरंगणारे मासे. यावर गावाचा उपाय म्हणजे चुना, पोटॅशची लाल दवा आणि नशीब. तिचं म्हणणं होतं की माशाचं खाणं सुधारलं तर अंगात रोगाला तोंड द्यायची ताकद येते का, हे एकदा नीट पाहायला हवं. नागपूरला संशोधन करणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीने रोहूच्या आतड्यातले उपकारक जीवाणू वेगळे काढून वाढवले होते. त्यातली एक लहान बाटली तिने हिला दिली. ही गूळ आणि कोंड्याच्या पाण्यात ते जीवाणू वाढवायची, त्या पाण्यात धानाचा कोंडा आणि जवसाची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून आंबवायची आणि ते खाद्य भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बोडीत बांबूला टांगायची. ड्रममधलं थोडं मागे ठेवायचं, त्यात पुन्हा गूळ-कोंडा घालायचा. म्हणजे ते कधी संपत नसे. जीवाणूंची शास्त्रीय नावं तिला पाठ होती, पण घरात ती त्याला विरजणच म्हणायची. दुसरं काय म्हणणार? दह्याचंही तसंच असतं. एक दिवस खंड पडला की संपलं.

आणि हे खाद्य ती फक्त खालच्या बोडीत टांगायची. वरच्या बोडीला तोच कोंडा, तीच ढेप, तितकंच, पण साधं. पाणी वरून खाली जातं, खालून वर जात नाही, म्हणून विरजण खालच्या बोडीला. दोन्हीत एकाच दिवशी एकाच गाडीतली रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली होती. उन्हाळ्याआधी दोन्ही बोड्यांत जाळं पडेल तेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. तिला मोठं काही नको होतं. एका प्रश्नाचं एक खरं उत्तर हवं होतं.

हे इतकं साधं आहे, पण ते आमच्या गावाला समजावता समजावता ती दमली. येणारा-जाणारा पाळीवर उभा राहून विचारायचा, "वरच्या मासोऱ्याईनं का घोडं मारलं बाई? त्याईले काऊन नाई देत?" माझा मोठा भाऊ तर रोज विचारायचा. दादाच्या मते ती सावत्र आईसारखं वागत होती.

"त्यांना दिलं तर खालच्यांना फरक पडला की नाही हे कळणार कसं?" ती म्हणायची.

"कराचं का आहे कळून? चांगलं आहे ना? मंग द्या ना दोघाईले!"

गाव अडाणी आहे असं समजून मी तेव्हा मनाची समजूत घातली. मग तिने मला गोंदियाला एका कार्यशाळेला नेलं आणि माझी ती समजूतही गेली.

मत्स्यशेतीत जैवतंत्रज्ञान, असा तो विषय. हॉलवर मोठा फलक. बाहेरून आलेले एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. त्या चित्रांत गोल गोल फिरणारी एक शिडी होती, चष्मा लावलेली माणसं होती, हिरवी पृथ्वी होती. तासाभरात मासा एकदाही दिसला नाही. शेवटी साहेबांनी एक चकचकीत पुडी वर धरली. हिच्यात करोडो जिवंत जीवाणू आहेत, पाण्यात टाका, मासा बीमारच पडणार नाही. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, तळ्यात लाल दवा टाकली आहे, त्यातच ही टाकू का? "टाका ना, दोन्ही टाका. डबल फायदा." जंतू मारणारं औषध आणि जंतू वाढवणारं औषध एकाच दिवशी, एकाच पाण्यात. सगळ्यांनी मान डोलावली.

माझी बायको उठली. "ज्या तळ्यात ही पुडी टाकली नाही, तिथले मासे कसे आहेत?"

साहेबांनी तिच्याकडे प्रेमळपणे पाहिलं. "मॅडम, फायदे की चीज है, तर न टाकता कशाला ठेवायचं? आप अपना ही नुकसान करोगे?"

हॉल हसला. पुढच्या रांगेत आमच्याच कॉलेजचे दोन प्राध्यापक होते, ते जरा जास्तच हसले. दादा आणि साहेब यांच्यात फरक असलाच तर तो फक्त इस्त्रीचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. जेवायला पनीर होतं. माशांवरच्या कार्यशाळेत पनीर, कारण उद्घाटकांची चतुर्थी होती. परतीच्या गाडीत ती इतकी हसली की समोर बसलेल्या बाईने तिला पाणी दिलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी ती गेली. कॉलेजमधून आली, खुर्चीत बसली, चहा ठेवा म्हणाली. चहा उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. लिहायला बसलो की लेखणी ड्रमकडेच जाते.

ड्रम धुतला काकूने. आमच्यात तीच सगळ्यांत मोठी; मयत झाली की घराचा ताबा आपोआप तिच्याकडे जातो. स्मशानातून आलेली माणसं हात-पाय धुऊन पांगली तेव्हा मी तिला विचारलं, "काकू, यातलं पाणी?"

"ओतलं ना बाबू. नासून गेल्तं. आंबूस वास येऊन रायला होता."

"तो वास तसाच असतो. कुठे ओतलंस?"

"वरच्या बोडीत."

मी ड्रम उचलून आत पाहिलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सून खालच्याईलेच देत होती, वरच्याईचा कधी नंबरच नाई लागला. मनलं, जाता जाता त्याईच्याही तोंडात पडू दे तिच्या हातचं."

एखाद्याने शत्रुत्वाने केलं असतं तरी इतकं पुरतं वाटोळं जमलं नसतं. विरजण गेलं. आणि ज्या बोडीत ते जायला नको होतं तिथेच गेलं. दोन्ही गोष्टी एका बादलीत, एका फेरीत, डोळ्यांत पाणी आणून. आमची माणसं निर्दय असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही अधूनमधून वाटतं.

भेटायला येणारे येत राहिले. प्रत्येकाने सांगितलं की ती फार हुशार होती. तिच्या हुशारीचं तिच्या हयातीत काय केलं, हे कुणी सांगितलं नाही. पुड्यांचा एक दुकानदार तर मोटारसायकलवर खोकंच बांधून आला. तसबिरीला हात जोडले, तिच्या फोटोला फूल वाहिलं आणि म्हणाला, "सर, मैडम का सपना हम पूरा करेंगे." मी त्याला चहा दिला. खोकं त्याच्या गाडीवरून सोडू दिलं नाही.

नागपूरला फोन केला. मैत्रीण रडली, मग म्हणाली की तिचं काम बंद पडलं, ती आता दुसरीकडे असते. प्रयोगशाळेतला फ्रीज दुसऱ्या कुणाला मिळाला आणि त्यांनी आतलं सगळं काढून टाकलं. म्हणजे तिथेही मयताचीच रीत. फक्त तिथे दरवाजावर काकू नव्हती, डॉक्टरेट होती.

मग आठवलं. पावसाळ्यात माझी आतेबहीण आमच्याकडे आली होती. बोदलकशाच्या अंगाला तिचं गाव, तिच्याकडेही लहानशी बोडी आहे. जाताना बायकोने तिला एक कॅन भरून विरजण दिलं होतं, कसं वाढवायचं ते दोनदा सांगितलं होतं आणि गेल्यावर मला म्हणाली होती, "आठवड्यात फेकून देईल बघ."

मयतामागचा जलदानाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिकामा कॅन घेऊन निघालो. ताई अंगणात होती. मला पाहून आधी रडली, मग पाणी दिलं. मी सरळ विचारलं, "ताई, तिने दिलेलं विरजण आहे का?"

"आहे ना!"

ती मला घेऊन घरामागे गेली. तिथे बोडी नव्हती, गोठा होता. एका फुटक्या कानाच्या रांजणात ते होतं, गोणपाटाने झाकलेलं. तोच आंबूस वास.

"इथे कसं? बोडी तर तिकडे आहे."

"बोडी कायले? म्हशीले देतो मी. माह्या म्हशीचं तोंडच उठत नवतं वैरनीवर. हे टाकलं का सपासप खाते."

"ताई, ते माशांसाठी होतं."

"मासोरीले कोन विचारते भाऊ? मासोरी का दूध देते?"

म्हशीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गमाणीत तोंड घातलं. तिचं खाणं खरोखरच जोरात चाललं होतं.

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. बायको असती तर तिने पहिला प्रश्न केला असता, दुसरी म्हैस कुठे आहे जिला हे दिलेलं नाही. पण विरजण मागायला आलेल्याला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. ताईने रांजण ढवळून कॅन काठोकाठ भरून दिला, वर गुळाचा खडाही दिला. "रिकाम्या तोंडानं नेऊ नये," म्हणाली. बसमध्ये झाकणातून फेस आला तेव्हा शेजारचा माणूस उठून उभा राहिला. मी कॅन मांडीवर धरून बसलो.

त्या कॅनमध्ये आता काय होतं, हे प्रामाणिकपणे मला ठाऊक नाही. रोहूच्या आतड्यातलं किती उरलं आणि म्हशीच्या गमाणीतलं किती शिरलं, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागतं आणि तो पाहणारी लागते. पण हातात तेवढंच होतं. मी ड्रम पुन्हा पुन्हा धुऊन ब्लीचिंगचा वास घालवला, कोंडा उकळून गार केला, गूळ घातला. ग्रंथालयात पुस्तकं चाळण्यात आयुष्य काढलेला माणूस मी. हाताला खाज सुटली, कपड्यांना वास लागला. दादा पाळीवरून बघायचा आणि म्हणायचा, "आता तरी वरच्याईले दे."

मी दिलं नाही.

होळीच्या सुमारास जाळं पडलं. गावातल्या मासेमार ढीवरांनी आधी वरची बोडी ओढली, मग खालची. मासे हिरव्या जाळीवर शेजारी शेजारी पसरले. मी वाकून एकेक पाहत होतो. कुणाच्याही अंगावर चट्टा नव्हता. ना वरच्या, ना खालच्या. वजनातही डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता.

आता याचा अर्थ काय? काकूच्या बादलीने वरच्यांनाही गुण आला असेल. खालच्यांच्या खाण्यात खंड पडला म्हणून त्यांचा गुण गेला असेल. विरजणाने मुळातच काही होत नसेल. किंवा थंडीच धड पडली नाही म्हणून असेल, कारण शेजारपाजारच्या बोड्यांत, जिथे कुणी काहीच घातलं नव्हतं, तिथेही यंदा मासे फारसे मेले नाहीत. यातलं काय खरं ते कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग तिला नेल्याच दिवशी ओतून दिला होता.

पण बाकीच्या सगळ्यांना ताबडतोब कळलं. दादाने त्याच दिवशी गावभर सांगितलं, दोन्हीकडे एकही मासा बिमार नाही. कार्यशाळेतल्या साहेबांपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला. "सर, दोनों में रिजल्ट? ये तो डबल यश है!" मॅडमच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला आहे, आपण दोन शब्द बोला.

मी जाणार नव्हतो. दादाच्या आग्रहाने गेलो. हॉल तोच. फलकावर तिचा फोटो होता, पासपोर्टाचा ओढून मोठा केलेला, त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती. त्या एका बाबतीत फलक खरा होता. शेजारी एक भलामोठा मासा चिकटवला होता. तो रोहू नव्हता, कतला नव्हता, मृगळ नव्हता. कुठल्या तरी थंड देशातल्या समुद्रातला गुलाबी मांसाचा मासा होता तो. आमच्या बोडीत तो एक दुपार जगला नसता. खाली तिचं नाव, त्याखाली पुडीचं, आणि ‘दोन्ही तळ्यांत एकही मासा बीमार नाही’ ही ओळ.

साहेब बोलले, दुकानदार बोलला. मग माझ्या हातात माईक आला. मला भाषणाची सवय नाही. ग्रंथालयात बोलू नये असंच मी जन्मभर लोकांना सांगत आलो. मी एवढंच म्हणालो: "आमच्या बोडीत पुडी कधी घातलीच नव्हती. जे घातलं त्यात मधे खंड पडला, आणि जिथे घालायचं नव्हतं तिथे चुकून पडलं. त्यामुळे यंदा काहीही कळलेलं नाही. तिचा फोटो ज्या ओळीच्या वर लावला आहे ती ओळ तिने कधी लिहिली नसती. फोटो काढा. आम्ही पुन्हा करून पाहणार आहोत. कळलं की सांगू."

क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग साहेबांनी माईक हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि ओल्या आवाजात म्हणाले, "सर अभी दुख में हैं. आपण समजू शकतो."

केवढ्या टाळ्या झाल्या! त्या हॉलमध्ये मी खरं बोललो आणि लोकांनी ते दुःख समजून माफ केलं. जेवायला या वेळी मासे होते, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. मी जेवलो नाही.

परत येताना आम्ही तिरोड्याला उतरलो. स्टेशनबाहेर मोटारसायकल सुरू करताना दादा म्हणाला, "हो म्हटलं असतं तर का झालं असतं गा? तिचंच नाव होऊन रायलं होतं."

"तिला नाव नको होतं दादा. उत्तर हवं होतं."

"मेलेल्या मानसाले उत्तर कायले लागते?"

मी मागे बसलो. मेलेल्याचं ठाऊक नाही, मला मात्र ते लागतं.

या पावसाळ्यात बोटुकली पुन्हा सोडली, दोन्ही बोड्यांत, एकाच गाडीतली. खालचीत विरजणाचं खाद्य, वरचीत साधं. दादा पाळीवर येतो, पाहतो, मान हलवतो. या वेळी एक गोष्ट मी वेगळी केली. विरजण एका घरात ठेवलेलं नाही. थोडं ताईकडे आहेच, म्हशीच्या कृपेने. थोडं ढीवरांच्या एका घरी दिलं. आणि एक बरणी काकूकडे नेऊन दिली, कारण आमच्या गावात सगळी घरं एका दिवशी बाटत नाहीत. एका घरातलं ओतलं तर दुसऱ्या घरातून मागून आणता येईल. विटाळावर मला सापडलेला हा एकमेव शास्त्रीय उपाय.

काकूने बरणी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि दह्याच्या गाडग्याशेजारी ठेवली.

मी म्हणालो, "आणि हे बघ काकू, उद्या मी मेलो तरी माझ्या घरातला ड्रम ओतायचा नाही. कुणालाही हात लावू द्यायचा नाही. समजलं?"

काकूने पदराने हात पुसले. "मेल्यावर तुले कोन विचारून रायलं बाबू?" ती म्हणाली. मग बरणीवर झाकण दाबत: "वरच्याईले थोडं देऊ का पन यातलं? बिचाऱ्या पाह्यतच रायतेत."